एकोणीस पांढरे रुमाल

मनिराम बोपचे या माणसाने आयुष्यात एकच शोध लावला आणि तो त्याच्याच अंगाशी आला. पुढे म्हातारपणी तो ही हकीकत स्वतःच सांगे, आणि सांगताना एवढा हसे की ऐकणाऱ्याला वाटावे, हा दुसऱ्याच कुणा मूर्खाबद्दल बोलतो आहे.

गोष्ट सत्तावन्न ते एकोणसाठ सालातली. गृहसुधार मंडळ नावाचे सरकारी खाते तेव्हा नवे नवे निघाले होते आणि मनिराम त्या खात्याचा गोंदिया तहसिलीतला ओव्हरसियर होता. हंगामी ओव्हरसियर. हा 'हंगामी' शब्द त्याला चपलेतल्या खड्यासारखा टोचायचा. मंडळाचे काम असे: गावोगावची मोडकळीला आलेली मातीची घरे निवडायची, छपरावरचे कवेलू, म्हणजे कौले, बदलायचे, आंधळ्या भिंतींना खिडक्या पाडायच्या, आणि आत राहणाऱ्या माणसांना नीट राहावे कसे ते शिकवायचे. यातले शेवटचे काम मनिरामला सगळ्यात आवडे. तो स्वतः तिरोड्याकडच्या धानवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, असल्याच मातीच्या घरात वाढलेला. पण ओव्हरसियरचा कोर्स करून आल्यापासून आपण कुठे वाढलो हे तो विसरला होता, आणि विसरल्याचा त्याला थोडा अभिमानच होता.

सालेकशाच्या पुढे, रेल्वेच्या रुळापासून दोन कोसांवर पाथरटोला नावाचे गाव आहे. तिथली एकोणीस घरे मंडळाने सुधारायला घेतली. कवेलू आले, खिडक्या झाल्या. पण एवढे तर प्रत्येकच ओव्हरसियर करत होता, आणि तेवढ्यावर कुणी कुणाला पक्के करत नाही. मनिरामला काहीतरी असे करायचे होते की मुंबईच्या साहेबाने चष्मा पुसून त्याचे नाव पुन्हा एकदा वाचावे. म्हणून त्याने चूल काढली.

चूल बिनधुराची होती. बंद तोंडाची, मातीची, आणि तिच्या पाठीतून भाजलेल्या मातीचे नळ एकावर एक चढवून थेट छपराबाहेर काढलेले. धूर घरात न घुटमळता बाहेर जाई. खरे तर असल्या चुली आणखीही कुठे कुठे होत होत्या, पण तपासणीची पद्धत मात्र अस्सल मनिरामची होती. चूल पेटली की तो खिशातून पांढरा रुमाल काढून वरच्या बांबूला बांधायचा. दोन वेळचा स्वयंपाक झाला की सोडायचा. रुमाल पांढराच राहिला तर घर पास. मग त्या रुमालावर घरमालकाचे नाव शाईने लिहून, टाचणी लावून, तो प्रगती अहवालाला जोडायचा. असे एकोणीस रुमाल फायलीत गेले. घरी त्याची बायको निर्मला दोन महिने विचारत होती की याचे रुमाल जातात कुठे, आणि तो गूढ हसत होता.

पाथरटोल्यातले पहिले घर रुख्माबाईचे. साठीची, वाळकी, कडक बाई. घरात ती आणि तिची सून शामकला. मुलगा नागझिऱ्याकडे जंगलखात्यात मजुरीला. शामकलाचे डोळे धुराने कायम लाल असत, म्हणून चूल पाहून ती हरखली. रुख्माबाई मात्र मान वर करून छपराच्या बांबूंकडे पाहत राहिली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुराने ते बांबू काळे, चकचकीत झाले होते. नवे कवेलू घालताना त्यातले बरेचसे मंडळाने काढून टाकले होते आणि हिरवे-पिवळे नवे घातले होते.

"सायेब," ती म्हणाली, "धूर बंद करून राहिले तुमी. मंग बांबूनं कायच्यावर जगावं?"

"म्हंजे?"

"धुरानंच टिकते तो. धूर नाई लागला त घुण लागते त्याले, किडा आतून पोखरते."

अंगणात दहा-बारा माणसे जमली होती, सरपंच बिसराम होता, आणि मनिराम त्या दिवशी फार खुशीत होता. तो म्हणाला, "काऊन माय, बांबू का बिडी पिते?"

अंगण हसून लोटपोट झाले. बिसराम सरपंचाचे पागोटे हसता हसता सुटले. रुख्माबाई हसली नाही, पण तिच्याकडे कोण पाहतो? मनिराम आपल्या या विनोदावर इतका खूश झाला की परतीच्या गाडीत त्याने तो एका अनोळखी टीसीलाही सांगितला. आणि रात्री अहवाल लिहिताना 'अडचणी' या रकान्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले: 'रहिवाशांमध्ये धुराविषयी अंधश्रद्धा आढळली. ओव्हरसियरने प्रबोधन केले.'

हे वाक्य त्याला आपल्या हातून लिहिले गेलेले सर्वोत्तम वाक्य वाटले.

दीड-पावणेदोन वर्षे मजेत गेली. पाथरटोल्याचा अहवाल भंडाऱ्याला गेला, तिथून नागपूरला, तिथून मुंबईला. 'आदर्श धूरमुक्त गाव' असा शेरा घेऊन परत आला. कार्यालयातले लोक मनिरामला 'रुमालवाले बोपचे' म्हणू लागले, आणि त्यात टिंगल किती नि कौतुक किती हे त्याने तपासून पाहिले नाही. एकोणसाठच्या जानेवारीत चिठ्ठी आली की फेब्रुवारीत मोठे साहेब स्वतः पाथरटोला पाहायला येणार आहेत. पाहणी समाधानकारक झाली की ओव्हरसियर बोपचे यांना सेवेत कायम करण्यात येईल, असे चिठ्ठीत स्पष्ट लिहिले होते. मनिरामने ती चिठ्ठी निर्मलाला तीनदा वाचून दाखवली. मग सगळे ठाकठीक आहे ना ते पाहायला तो पाथरटोल्याला गेला.

रुख्माबाईने त्याला जेवायला बसवले. पळसाच्या पत्रावळीवर भात, वर तुरीचे वरण. पहिला घास घेतला आणि त्याला वाटले, वरणात आज हळद सढळ पडली आहे. दुसऱ्या घासाला भातावरही हळद होती. तिसऱ्या घासाला त्याच्या डोळ्यांदेखत वरून एक बारीक पिवळट भुकटी उतरली आणि वरणावर अलगद पसरली.

त्याने वर पाहिले. बांबूंवर बारीक बारीक भोके होती, सुईने टोचल्यासारखी. तो उठला, घडवंचीवर चढला, आणि छपराच्या मधल्या तुळईजवळच्या, मयालीजवळच्या बांबूला अंगठा लावून दाबला. अंगठा आत गेला.

"किती दिसापासून?" त्याने विचारले.

"मागच्या पावसाळ्यापासून," शामकला म्हणाली. "जेवताना वरून कापड बांधून राहतो आमी."

"मंग मले सांगितलं काऊन नाई?"

रुख्माबाईने त्याच्या पत्रावळीवर नवा भात वाढला. "सांगतलं होतं ना. बांबू बिडी पीत नाई म्हनून तुमीच त सांगतलं आमाले."

त्या दिवशी मनिराम एकोणीसच्या एकोणीस घरांत गेला. प्रत्येक घरात वर चढला आणि अंगठा लावला. संध्याकाळी त्याचा अंगठा पिवळा झाला होता. बांबू बाहेरून शाबूत आणि आतून पीठ. त्यावर मंडळाने घातलेले नवे, जड कवेलू. पाण्याने ते कवेलू आणखी जड झाले की कुठले छप्पर कुठल्या रात्री खाली येईल सांगता येत नव्हते, आणि त्याखाली माणसे निजत होती. पावसाला चार महिने होते.

मंडळाचा नियम त्याला तोंडपाठ होता, कारण गावोगावी तोच तो सांगत फिरे. एकदा सुधारलेल्या घराला मंडळ पुन्हा हात लावत नाही. राहणाऱ्याने हयगय केली असेल तर नाही. कीड, वारा, पाऊस असे नैसर्गिक कारण असेल तरी नाही. ज्याचे घर त्याने बघावे. दुसऱ्यांदा छप्पर मिळायची वाट एकच होती: खात्याच्या कामातच दोष होता असे खात्याने लिहून द्यावे. आणि खात्याचे काम म्हणजे पाथरटोल्यात कोण, हे साऱ्या तहसिलीला माहीत होते.

गोंदियाला घरी येऊन तो न जेवता बसला. निर्मलाने दोनदा विचारले तेव्हा त्याने सगळे सांगितले. ऐकून ती काही दचकली नाही.

"घुण त लागनारच," ती म्हणाली. "माया माहेरी मक्याचं बी चुलीच्या वरच टांगून ठेवते. धुरानं त्याले किडा लागत नाई."

मनिराम तिच्याकडे पाहतच राहिला. "तुले माईत होतं?"

"माईत नसाले का झालं? म्हनून त तुमची चूल म्या घरात येऊ देली नाई."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी इचारलं कवा? रुमाल कुठी जाते म्हनून इचारलं त हासून राहिले होते तुमी."

ती रात्र मनिरामने कशी काढली ते तो सांगत नाही. एवढेच सांगतो की पहाटेपर्यंत त्याने चार बहाणे तयार केले होते आणि त्यातला एक तर खरोखर चांगला होता. बांबू जंगलखात्याने पुरवला होता, तेव्हा बांबूच मुळात वाईट होता. हा बहाणा त्याला इतका आवडला की सकाळी तो थोडा पोह्यांचा वास घेण्याइतपत सावरला होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोठे साहेब आले. मुंबईचे, पन्नाशीचे, शांत माणूस. जीपमध्ये पुढे साहेब, मागे मनिराम, आणि मनिरामच्या मांडीवर पाथरटोल्याची फाईल. रुमालांमुळे ती उशीसारखी फुगली होती. धानाच्या कापणी झालेल्या बांध्यांमधून, खाचरांमधून जीप हेलकावे खात निघाली. गाव दिसू लागले तसे साहेब पुढे वाकले.

"बोपचे, गावाला आग लागलीय का?"

मनिरामने पाहिले आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. एकोणीसही घरांतून धूर निघत होता. धुराड्यांतून नव्हे, कवेलूंच्या फटीफटीतून, खिडक्यांतून, दारांतून. दाट, पांढरा, ओल्या पाल्याचा धूर. आदर्श धूरमुक्त गाव दिसेनासे झाले होते.

जीप थांबली तसा तो उडी मारून धावतच रुख्माबाईच्या घरात शिरला. घराच्या मधोमध जमिनीवर घमेल्यात भुसा आणि पळसाचा ओला पाला धुमसत होता. शामकला पदर तोंडाला लावून सुपाने वारा घालत होती.

"हे का करून राहिले?" तो ओरडलाच.

"हळू," रुख्माबाई म्हणाली. "तीन दिसापासून धूर देऊन राहिलो. साऱ्या गावानं. मोठे सायेब जेवाले बसतीन, त्याइच्या पानात भुकटी पडली त तुमची लाज जाईन. सरपंच सांगत होता, तुमची नोकरी पक्की होनार हाये म्हनून."

गावाच्या डोक्यावरचे छप्पर पोखरून ठेवलेल्या माणसाची लाज राखायला ही माणसे तीन दिवस आपले डोळे जाळत बसली होती. मनिरामला आपल्या त्या चांगल्या बहाण्याची शिसारी आली.

साहेब खोकत खोकत आत आले. पाटावर बसले. वडे होते, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी होती, आणि रुख्माबाईने घरातला सगळ्यात बारीक तांदूळ शिजवला होता. साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. त्यांनी खिसे चाचपले, रुमाल नव्हता. मनिरामच्या फायलीत एकोणीस होते. त्याने एकाची टाचणी काढून तो पुढे केला. साहेबांनी डोळे पुसले, मग रुमालावरचे नाव वाचले, मग वर पाहिले. आणि नेमकी तेव्हा, तीन दिवसांच्या धुराला न जुमानता, साहेबांच्या भातावर भुकटी उतरली.

साहेब मूर्ख नव्हते. उठून त्यांनीही बांबूला अंगठा लावला.

"हे काय आहे, बोपचे?"

मनिरामने तोंड उघडले, पण त्याच्या आधी रुख्माबाई मध्ये आली. "चूक आमची हाये, सायेब. आमी अडानी मानसं. चूल लय चांगली होती, या पोरीचे डोरे बरे झाले तिच्यानं. पन आमाले घर राखता आलं नाई. बाबूले काई बोलू नोका. लय धावपळ करते तो आमच्यासाठी."

इथे मनिराम सांगता सांगता थांबतो आणि म्हणतो, खरे ते सांगायला हवे: त्या क्षणी मला बरे वाटले. छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. दोन श्वासांपुरते का होईना, मी त्या म्हातारीच्या आड लपलो.

साहेबांनी फाईल घेतली, पेन काढले. "रहिवाशांची हयगय," ते पुटपुटले आणि लिहिण्यासाठी खाली वाकले.

"नाही साहेब," मनिराम म्हणाला. "यांची हयगय नाही. घर तर आरशासारखं ठेवलंय त्यांनी."

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिले. माणूस दयाळू होता. आवाज खाली आणून ते म्हणाले, "मग 'कीड' असं लिहितो. कीड म्हणजे नैसर्गिक कारण. कुणावरच ठपका नाही. तुमच्या कायमच्या कागदावर मी आजच सही करीन."

पेन 'कारण' या रकान्यावर टेकले होते. घमेल्याजवळ शामकला अजून सूप हलवत होती. तिच्या डोक्यावर तो बांबू होता ज्यात मनिरामचा अंगठा गेला होता. पक्की नोकरी आणि ते छप्पर, दोन्ही एकाच रकान्यात मावत नव्हते.

"कीड नाही, साहेब," मनिराम म्हणाला. "मी."

"काय?"

"कारणाच्या जागी मला लिहा. धूर गेला की बांबूला घुण लागतो, हे या माउलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी चेष्टा केली. मागे पान उलटा, माझ्याच अक्षरात आहे."

साहेबांनी पान उलटले. 'रहिवाशांमध्ये धुराविषयी अंधश्रद्धा आढळली. ओव्हरसियरने प्रबोधन केले.' त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचले. घरात कुणी हसले नाही. मनिरामला वाटले, कुणीतरी हसले असते तर बरे झाले असते.

साहेबांनी लिहिले, आणि लिहून झाल्यावर पत्रावळीवरची भुकटी बाजूला सारून उरलेला भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. जाताना रुख्माबाईला नमस्कार केला. जीपने सालेकसा आल्यावर त्यांनी डोळ्यांचा रुमाल घडी घालून त्याच्या हातात ठेवला.

एप्रिलमध्ये हुकूम आला. पाथरटोल्याच्या एकोणीस घरांना नवी छपरे, खात्याच्या कामातील दोषामुळे. त्याच पाकिटात दुसरा कागद होता: ओव्हरसियर बोपचे यांचा सेवेत कायम करण्याचा प्रस्ताव रद्द, पुढील आदेशापर्यंत हंगामी. तो पुढील आदेश अकरा वर्षांनी आला. निर्मलाने कागद वाचला, घडी करून दिव्यामागे ठेवला आणि म्हणाली, "जेवून घ्या आता." त्या दिवशी तिने खीर केली होती. कशाबद्दल, ते तिने सांगितले नाही आणि मनिरामनेही शहाण्यासारखे विचारले नाही.

या वेळी मनिरामने कामाला सुरुवात करण्याआधी रुख्माबाईच्या ओसरीवर बसकण मारली आणि वही उघडली. "सांग माय," तो म्हणाला, "आता तू सांग. मी लिहून घेतो." तिने सांगितले: जुना, मुरलेला बांबू आणा, कोवळा नको. आधी तळ्यात बुडवून ठेवा. आणि चूल राहू द्या, कारण शामकलाचे डोळे तिलाही हवे होते. फक्त दर शनिवारी चूल बंद ठेवून घरात भुशाचा धूर द्या, दारे लावून, सगळ्यांनी बाहेर अंगणात बसून. मनिरामने एकेक शब्द लिहून घेतला. मध्ये एकदा त्याने काहीतरी सुचवायला तोंड उघडले आणि लगेच मिटले. ते तिला दिसले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती हसली.

मे अखेर छपरे उभी राहिली. पहिला शनिवार आला तेव्हा मनिरामने सवयीने खिशातून रुमाल काढला आणि नव्या बांबूला बांधला. संध्याकाळपर्यंत सगळे अंगणात बसले. मग रुख्माबाईने आत जाऊन रुमाल सोडून आणला आणि कंदिलासमोर धरला. रुमाल काळा कुळकुळीत झाला होता.

"पास," ती म्हणाली आणि तो त्याच्या हातात दिला.

तो विसावा रुमाल मनिरामने टाचणी लावून फायलीत जोडला. मग त्या महिन्याचा प्रगती अहवाल पुढे ओढला, 'अडचणी'च्या रकान्यावर आला, आणि पूर्वीसारख्याच सुवाच्य अक्षरात लिहिले: 'ओव्हरसियरमध्ये धुराविषयी अंधश्रद्धा आढळली. रहिवाशांनी प्रबोधन केले.'